पहिल्यांदा व्हँकुव्हरच्या ईस्ट हेस्टिंग्ज रस्त्यावर उभी राहशील तेव्हा

नॅलॉक्सोनचं, म्हणजे ड्रग्जचा ओव्हरडोस उतरवणाऱ्या औषधाचं किट उघडून नुसतं बघून ठेवलंस, तेवढ्यावर थांबू नकोस. ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी फोडून सुईत औषध ओढायचा सराव घरी संत्र्यावर कर. ऐनवेळी हात कापतात, माझेही कापले होते.

ओठ निळे, श्वास घोरल्यासारखा, हाक मारून, खांदा दाबूनही उत्तर नाही, तर ९११ हा आणीबाणीचा नंबर लाव. पोलिसांच्या भीतीने लोक फोन टाळतात. पण २०१७ पासून कॅनडात कायदा आहे : ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्यावर जवळ थोडा माल बाळगल्याचा गुन्हा लागत नाही. हे तिथल्या प्रत्येकाला सांगत राहा.

आता खरं महत्त्वाचं. नवी मुलं नॅलॉक्सोनच्या मागे लागतात आणि श्वास द्यायचा विसरतात. माणूस मरतो तो प्राणवायू न मिळाल्याने. मान मागे कर, दर पाच सेकंदांना एक श्वास दे, मग मांडीच्या स्नायूत इंजेक्शन. दोन-तीन मिनिटं श्वास देत राहा, गरज वाटली तर दुसरा डोस. हल्ली फेंटानिलमध्ये, म्हणजे अफूच्या जातीच्या त्या फार जहाल ड्रगमध्ये, झोपेची औषधं मिसळलेली असतात, त्यामुळे श्वास सुरळीत झाला तरी डोळे उघडतीलच असं नाही. उठवण्यासाठी डोसावर डोस देऊ नकोस गं, नशा एकदम तुटल्यावर होणाऱ्या विथड्रॉवलच्या यातना फार वाईट असतात.

नॅलॉक्सोन अर्ध्या ते दीड तासात उतरतं, म्हणून ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याच्याजवळ बस. शुद्धीवर आल्यावर तो चिडेल. उपदेश करू नकोस, पाणी दे, नाव विचार. पुढच्या वेळी एकट्याने घेऊ नको, इनसाइटमध्ये, म्हणजे देखरेखीखाली ड्रग्ज घेता येतात त्या केंद्रात जा, एवढंच सांग.