लातूरला सहा जणांची सॉफ्टवेअर टीम आहे. स्प्रिंट (म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा) एक आठवड्याचा ठेवावा की दोन?

दोन आठवड्यांपासून सुरुवात करा. स्क्रम गाईडची (स्क्रम या कामाच्या पद्धतीची अधिकृत पुस्तिका) अट एवढीच, की स्प्रिंट महिन्यापेक्षा मोठा नको. महिनाभराच्या स्प्रिंटला प्लॅनिंग जास्तीत जास्त ८ तास, त्या हिशोबाने तुम्हाला चारेक तास पुष्कळ झाले. क्लायंट दर दोन दिवसांनी मत बदलणारा असेल तर मात्र एक आठवडाच बरा.

खरी गडबड होते ती कपॅसिटी, म्हणजे टीमच्या हातात कामाला किती वेळ आहे ते, धरताना. सहा जण, कामाचे १० दिवस, म्हणजे ६० दिवस हाताशी, हे फक्त कागदावर. त्यात येळवस (वेळा अमावस्येचा सण) आली की अर्धी टीम शेतात भज्जी-अंबील खायला (जावंच, फक्त क्लायंटला आधी सांगून ठेवा). महालक्ष्म्यांचंही तेच. आधी सुट्ट्या वजा करा, मग मीटिंगा, सपोर्ट आणि जुन्या बगांचा (सॉफ्टवेअरमधल्या चुकांचा) वेळ काढा. नव्या टीमने उरलेल्याच्या ७० टक्केच काम उचलावं, असं माझं मत. दोन-तीन स्प्रिंटांनंतर प्रत्यक्षात किती काम पूर्ण होतं ते कळेल. पुढचं प्लॅनिंग त्या आकड्यावर करा, मॅनेजरच्या हौसेवर नको.

आणि काम उरलं म्हणून स्प्रिंट लांबवू नका. उरलेलं सरळ बॅकलॉगमध्ये, म्हणजे बाकी कामांच्या यादीत, परत टाका.