रात्रपाळीनंतरचा फोन

"घरापासून लांब, खाणीत काम करतो. पैसे मिळतात, पण मन कशातच लागत नाही. घरी फोन केला की भांडण होतं. सगळं सोडून परत जाऊ का?" हा प्रश्न समुपदेशनात वारंवार येतो. त्याला हो किंवा नाही म्हणण्याआधी काय काय तपासावं लागतं, ते एका उदाहरणातून सांगतो. ही एका माणसाची हकीकत नाही. अनेकांच्या अनुभवांचे धागे एकत्र करून, ओळख पुसून ती मांडली आहे.

वय 38, सोन्याच्या भूमिगत खाणीत ड्रिलर, म्हणजे स्फोटकं भरायला कातळात भोकं पाडणारा. 28 दिवस काम, 14 दिवस सुट्टी. पाळी बारा तासांची, आठवड्याला दिवस-रात्र बदलणारी. घरी पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. तो आपणहून आला नव्हता, सुपरवायझरनं पाठवलं होतं. स्फोटानंतर कातळात जुन्या भोकांची बुडं उरतात. त्यांत न फुटलेली स्फोटकं असू शकतात, म्हणून तिथे पुन्हा ड्रिल लावायला सक्त मनाई असते. हा नेमका तिथेच ड्रिल लावत होता. सोबत्यानं वेळीच हात धरला.

"लक्षातच आलं नाही," तो म्हणाला. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "आलं असतं तरी काय फरक पडला असता?"

पहिल्या वाक्यामागे थकवा असू शकतो. दुसरं वाक्य ऐकल्यावर बाकीचं सगळं बाजूला ठेवावं लागतं. जीव द्यावासा वाटतो का, हे त्याला सरळ शब्दांत विचारलं. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट माणूस मोकळा होतो. ठरवलेलं काही नव्हतं, पण "झोपलो की उठूच नये" असं अधूनमधून वाटत होतं. नैराश्य तपासणाऱ्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत 27 पैकी 14 गुण आले. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की ते अंगावर काढायचं नसतं. त्याच दिवशी डॉक्टरांची भेट झाली, आठवडाभर जमिनीवरचं काम मिळालं, आणि तसा विचार आला तर कोणत्या दोघांना लगेच फोन करायचा हे कागदावर लिहून झालं.

मग झोपेची नोंद. चौदा दिवस, फक्त तीन रकाने: कधी आडवा झालो, कधी उठलो, मध्ये किती वेळा जाग आली. रात्रपाळीच्या आठवड्यात सरासरी निघाली चार तास वीस मिनिटं. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकीच उरते. हा गडी अशा अवस्थेत ड्रिल चालवत होता, आणि अशाच अवस्थेत सकाळी सातला घरी फोन लावत होता. तिकडे ती वेळ मुलीला शाळेसाठी तयार करण्याची. पत्नीचा एक हात वेणीत, दुसऱ्या हातात फोन. ती "हं, हं" करायची आणि याला वाटायचं, घरात आपली कुणाला गरजच उरली नाही. त्यानंतर झोप यावी म्हणून दोन पेग. दारूनं डोळा लवकर लागतो, पण दोन-तीन तासांत झोप मोडते. ती नोंदीत अकराच्या सुमाराला दर दिवशी मोडलेली दिसत होती.

बदल साधे होते. वर आल्यावर काळा चष्मा, कारण सकाळचं ऊन मेंदूला 'दिवस उगवला' असं सांगतं. झोपण्याआधीचे सहा तास चहा-कॉफी बंद. आठच्या आत अंथरुणात, खिडकीला जाड काळं कापड, फोन खोलीबाहेर. दीडपर्यंत झोप आणि पाळीआधी आणखी तासभर. फोन सायंकाळी पाचला, पंधरा मिनिटं, आधी मुलीशी. पैसे, नातेवाईक, दुरुस्त्या हे विषय या फोनवर काढायचे नाहीत, कारण त्यानंतर तासाभरात त्याला खाली उतरायचं असतं. पहिला प्रयत्न फसला होता, हेही सांगायला हवं: त्यानं रोज तासभर बोलायचं कबूल केलं, चौथ्या दिवशी चुकलं आणि 'शब्द मोडला' हे नवं भांडण तयार झालं. वचन पाळता येईल एवढंच असावं.

कामाबद्दलचं त्याचं एक वाक्य मात्र झोपेनं सुटणारं नव्हतं: "इतकी वर्षं सोन्याच्या खाणीत आहे, सोनं काही दिसलं नाही." त्यात खोटं काही नाही. टनाला पाच ग्रॅम सोनं असलेला दगड चांगला मानतात, आणि त्यातलं सोनं बहुधा डोळ्यांना दिसत नाही. तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच बोगदा एका स्फोटात दोन मीटर पुढे सरकला, तर साधारण 48 टन दगड सुटतो. त्यात सोनं 240 ग्रॅमच्या आसपास. दगड तो दळणाऱ्या गिरणीकडे जातो, ड्रिलरच्या वाट्याला धूळ, उष्मा आणि थरथरणारे हात. फळ न दिसणारं काम माणसाला आतून पोखरतं, हे अशा कामगारांच्या घरच्यांना सहसा ठाऊक नसतं. त्यानं मुलीसाठी वहीत रोज पुढे सरकलेले मीटर लिहायला सुरुवात केली. फोनवर ती आकडा विचारते आणि भिंतीवर रेघ मारते.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. त्याला दोन अटी घातल्या. रात्रपाळीच्या आठवड्यात हा निर्णय घ्यायचा नाही, आणि घरी पोचल्यावर पहिले दोन दिवसही नाही. त्या दोन दिवसांत तो झोपेचं देणं फेडत असतो, शिवाय त्याच्याविना बसलेली घराची घडी मोडल्याची कुरबुर असते. सुट्टीच्या पाचव्या दिवशी दोघं वही घेऊन बसले. तेव्हा कळलं, की 'कर्ज फिटेपर्यंत' म्हणून गेलेला माणूस कर्ज फिटल्यावर 'खोली बांधेपर्यंत' थांबला होता, आणि खोलीचा आकडा कुणी कधी मांडलाच नव्हता. आकडा मांडला: अकरा महिने. त्याआधी चाचणीचे गुण पुन्हा दहा किंवा त्याहून जास्त झाले, तर आकडा तसाच सोडून परत यायचं, हे पत्नीनं लिहून घेतलं.

दहा आठवड्यांनी गुण सहा, रात्रपाळीतली झोप सहा तासांच्या आसपास. पैशांवरून अजून वाजतं, पण आता सुट्टीत, समोरासमोर.