‘लवचीक’ प्रणाली आणि शिवणीतली ‘माया’

अभियांत्रिकीच्या पुस्तकाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘फ्लेक्झिबल सिस्टिम डिझाइन अंडर अनसर्टन्टी’ या प्रकरणाच्या शीर्षकासाठी त्यांनी योजलेले ‘अनिश्चिततेखालील लवचीक प्रणाली रचना’ हे शब्द बरोबर आहेत का.

लेखनापुरते बोलायचे तर ‘लवचीक’मधला ‘ची’ दीर्घच हवा, आणि तो त्यांनी तसाच लिहिला आहे. अडचण अर्थाची आहे. लवणे म्हणजे वाकणे, त्यामुळे ‘लवचीक’ म्हटले की वाकून पुन्हा सरळ होणारी वेताची छडी किंवा पुरात आडवे होऊन टिकणारे लव्हाळे डोळ्यांपुढे येते. ‘लवचीक पूल’ असे वाचले, तर बहुतेकांना वाऱ्यावर हेलकावणारा पूलच दिसेल. या प्रकरणात मात्र वाकण्याचा काहीच संबंध नाही. उद्या गरज कोणती निघेल हे आज ठाऊक नसताना, पुढे फेरबदल करता येईल अशा बेताने आजचे काम करणे, एवढाच येथे अभिप्राय आहे.

या विषयात नेहमी दिला जाणारा दाखला पोर्तुगालची राजधानी लिस्बन हिचा आहे. तेथील टॅगस नदीवरचा झुलता पूल 1966 मध्ये फक्त रस्ते वाहतुकीसाठी खुला झाला, परंतु पुढेमागे रेल्वे न्यायची झाल्यास ती नेता यावी, हा विचार मूळ आराखड्यातच होता. मधल्या काळात राजवट बदलली, पुलाला दिलेले हुकूमशहा सालाझारचे नाव जाऊन 1974 च्या क्रांतीच्या तारखेवरून ‘25 एप्रिल’ हे नाव आले, आणि 1999 मध्ये खालच्या मजल्यावरून गाडी धावू लागली. त्या वेळी जादा मुख्य केबलही बसवावे लागले, म्हणजे आधी ठेवलेली सोय आयती पुरली असे नाही, पण नवा पूल बांधण्याची वेळ आली नाही.

या कल्पनेसाठी मराठीत नेमका शब्द आहे, फक्त तो शिंप्याच्या दुकानात आहे. पोलक्याच्या शिवणीत आतल्या बाजूला दीड-दोन बोटे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला ‘माया’ म्हणतात. अंग भरले की टीप उसवायची, माया सोडायची आणि नवी टीप घालायची. अंग भरलेच नाही, तर जादा कापडापलीकडे काही गेले नाही. याच्या उलट ‘वाढत्या अंगाचा’ सदरा आजच ढगळ शिवलेला असतो, आणि मूल तितके वाढेल हे त्यात धरूनच चाललेले असते. रेल्वे येईल की नाही हे ठाऊक नसताना 1966 मध्येच रूळ टाकले असते, तर तो वाढत्या अंगाचा सदरा झाला असता. हा फरक ‘लवचीक’ या शब्दातून मुळीच कळत नाही.

आपल्याकडे गच्चीवरच्या खांबांतून वर आलेले गज पाहून लोक ‘पुढच्या मजल्याची सोय ठेवली आहे’ असे म्हणतात. तीही मायाच, मात्र पाया त्या मजल्याच्या भाराचा नसेल तर ती नुसती दिखाऊ. (शिवाय उघडे गज गंजतात, हा भाग वेगळा.)

अर्थात ‘मायायुक्त प्रणाली’ असे लिहिले तर वाचक वेदान्ताकडे वळेल, म्हणून हा शब्द स्पष्टीकरणात एकदा यावा, शीर्षकात नको. तेथे ‘परिवर्तनक्षम’ चालेल. ‘परिवर्तनशील’ नको, कारण त्याचा अर्थ आपण होऊन बदलत राहणारे असा होतो. चालू मजकुरात ‘वाव ठेवणे’ किंवा ‘सोय ठेवणे’ ही क्रियापदे वापरावीत. याच प्रकरणात वारंवार येणाऱ्या ‘ऑप्शन’साठी ‘पर्याय’ लिहिण्याचा मोह आवरावा. पर्याय म्हणजे एकाऐवजी दुसरे. येथे हवी आहे ती ‘मुभा’, म्हणजे करता येईल, पण केलेच पाहिजे असे नाही.

‘अनिश्चिततेखालील’ हा शब्द मात्र निखालस बदलावा. मराठीत माणूस दडपणाखाली असतो, छत्राखाली असतो, पण अनिश्चिततेखाली नसतो. तेथे ‘जोखीम’ही बसणार नाही, कारण जोखमीत फक्त नुकसानीची भीती असते, तर अपेक्षेपेक्षा मागणी वाढणे हीसुद्धा अनिश्चितताच आहे. राहिले ‘डिझाइन’: ‘रचना’ म्हटले की तयार वस्तूची घडणही मनात येते, म्हणून ‘संकल्पन’ बरे. धरणांचे आराखडे करणाऱ्या नाशिकच्या सरकारी मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनेमुळे या कुळातला शब्द अभियंत्यांच्या कानावरून गेलेलाच आहे.

तेव्हा शीर्षक ‘अनिश्चित भविष्य गृहीत धरून परिवर्तनक्षम प्रणालींचे संकल्पन’ असे करावे. लांब आहे खरे, पण मूळ शीर्षकही आखूड नाही.