आराखड्याआधीचा हिशेब: गरजा, साइट आणि बजेट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वास्तुरचनेतले प्रोग्रॅमिंग (इमारतीच्या गरजा आणि क्षेत्रफळे ठरवणे), साइट प्लॅनिंग (जागेवर इमारतीची मांडणी करणे) आणि प्रकल्पाचे बजेट हे तीनही विषय तुम्ही स्वतंत्रपणे अभ्यासले आहेत, परंतु प्रत्यक्ष प्रकल्प हाती आल्यावर सुरुवात कोणत्या टोकापासून करावी आणि पहिले स्केच केव्हा काढावे, हे उमगत नाही. पाठ्यक्रमात हे विषय वेगळे शिकवले जातात, त्यामुळे हा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. माझ्या अनुभवात हा एकच हिशेब असून तो तीन बाजूंनी मांडला जातो. प्रोग्रॅममधून क्षेत्रफळाचा आकडा निघतो, साइट त्या आकड्याला आकार आणि अटी देते, आणि बजेट त्यातले किती परवडते ते सांगते. बहुतेक चुका या तीन विषयांच्या आत होत नाहीत. एका विषयातला आकडा दुसऱ्याकडे सोपवताना होतात. म्हणून या उत्तरात मी त्या सोपवण्याच्या जागांवरच अधिक बोलणार आहे.

प्रोग्रॅमिंग म्हणजे क्लायंटने दिलेली खोल्यांची यादी नीट टाइप करून घेणे नव्हे. आर्किटेक्ट विल्यम पेन्या यांनी कॉडिल रोलेट स्कॉट या अमेरिकन वास्तुरचना संस्थेत काम करताना जी पद्धत रूढ केली, तिच्या पाच पायऱ्या आजही उपयोगी आहेत: उद्दिष्टे ठरवणे, वस्तुस्थिती गोळा करणे, संकल्पना तपासणे, गरजा निश्चित करणे आणि शेवटी समस्येचे विधान लिहिणे. यातली चौथी पायरी सर्वांत अवघड असते, कारण गरज आणि इच्छा यांची फारकत तिथेच करावी लागते आणि पैशाचा प्रश्नही तिथेच प्रथम समोर येतो. क्लायंट म्हणतो, 'दोन सभाकक्ष हवेत.' त्यावर विचारायचे ते असे की आठवड्यातून किती तास, किती माणसे, आणि दोन्ही बैठका एकाच वेळी होतात का. आठवड्याच्या चाळीस कामाच्या तासांपैकी सहा तास वापरला जाणारा कक्ष आणि सहाच तास वापरला जाणारा दुसरा कक्ष यांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील, तर गरज एकाच कक्षाची आहे. हे संभाषण जितके शांतपणे आणि आधी होईल, तितके पुढचे काम सुकर होते. कोणती खोली कोणाजवळ असावी हे दाखवणारा तक्ता आणि वर्तुळांची आकृती तुम्ही कॉलेजात केलीच असेल. एवढेच सांगेन की वर्तुळे क्षेत्रफळाच्या प्रमाणात काढा, म्हणजे ती आकृती दिशाभूल करणार नाही.

आता पहिली धोक्याची जागा. प्रोग्रॅममध्ये खोल्यांचे जे क्षेत्र मोजले जाते ते निव्वळ क्षेत्र असते. भिंती, मार्गिका, जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहे, यंत्रखोल्या आणि केबलचे शाफ्ट त्यात धरलेले नसतात. एकूण बांधीव क्षेत्रापैकी निव्वळ क्षेत्र किती टक्के, याला कार्यक्षमता म्हणतात. साध्या कार्यालयात ती ७५ ते ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, तर रुग्णालयात रुंद मार्गिका आणि अवजड सेवायंत्रणांमुळे ती ५० ते ५५ टक्क्यांपर्यंत उतरते. एक लहान ग्रंथालय उदाहरणादाखल घेऊ. निव्वळ गरज १३०० चौरस मीटर आहे आणि कार्यक्षमता ६५ टक्के धरली आहे. अनेक विद्यार्थी उरलेले ३५ टक्के वर मिळवतात आणि १७५५ हे उत्तर काढतात. ते चूक आहे. ते ३५ टक्के एकूण क्षेत्राचे आहेत, निव्वळ क्षेत्राचे नव्हेत. म्हणून १३०० ला ०.६५ ने भागायला हवे आणि उत्तर २००० येते. फरक २४५ चौरस मीटरचा आहे, म्हणजे एक मोठा वाचनकक्षच हिशेबातून नाहीसा होतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका प्रशिक्षण केंद्रासाठी मी असाच गुणाकार करून दिला, क्लायंटने तो आकडा आपल्या मंडळापुढे मंजूर करून घेतला, आणि जेव्हा नकाशात जिने व शाफ्ट बसेनात तेव्हा मंजूर क्षेत्र वाढवण्याची सोय उरली नव्हती. शेवटी प्रशिक्षणार्थींची विश्रांतीची खोली गेली. त्या खोलीची गरज खरी होती, आणि तिचा बळी केवळ माझ्या एका गणिती क्रियेमुळे गेला, याची मला आजही बोचणी आहे.

साइटकडे वळू. भूदृश्य-रचनाकार इयान मॅकहार्ग यांनी १९६०च्या दशकात उतार, माती, पाणी, वनस्पती अशा प्रत्येक घटकाचा पारदर्शक नकाशा करून ते एकमेकांवर ठेवण्याची जी रीत प्रसिद्ध केली, ती आज संगणकावर अधिक सोपी झाली आहे; पण तिच्यातला विचार तोच आहे: कुठे बांधू नये हे आधी समजले की कुठे बांधावे हे बरेचसे आपोआप उरते. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, वाचण्याचा सराव मात्र हातानेच करा. रेषांमधील उंचीचा फरक अर्धा मीटर आणि अंतर १० मीटर असेल, तर उतार ५ टक्के आहे. रेषा इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या वळून तिचे टोक चढाच्या दिशेने जात असेल तर तिथे घळ आहे, म्हणजेच पावसाचे पाणी तिथूनच वाहणार आहे. इमारत कितीही सुंदर असली तरी ते पाणी आपली वाट सोडणार नाही.

आपले ग्रंथालय दोन मजली केले तर जमिनीवरचा ठसा, म्हणजे इमारतीने व्यापलेली जागा, १००० चौरस मीटर होतो. समजा तो २५ गुणिले ४० मीटरचा आयत आहे. ५ टक्के उतारावर लांब बाजू उताराच्या दिशेने ठेवली तर दोन टोकांतला फरक २ मीटर येतो. लांब बाजू समोच्च रेषांना समांतर ठेवली तर तो १.२५ मीटर येतो. अर्धी खोदाई आणि अर्धा भराव असे समतोल जोते धरले, तर पहिल्या मांडणीत २५० घनमीटर माती खोदावी लागते आणि दुसऱ्यात सुमारे १५६. इमारत तीच, क्षेत्र तेच. केवळ ती फिरवल्याने मातीकामातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग वाचला. शिवाय खोदलेली माती फुगते आणि भरावात दाबल्यावर आक्रसते, त्यामुळे खोदाई आणि भराव कागदावर समान दिसले तरी प्रत्यक्षात तसे राहत नाहीत. अर्थात सूर्य आणि वारा याच्या उलट दिशा मागू शकतात, आणि तेव्हा निर्णय तोलून घ्यावा लागतो. पण तोलण्यासाठी दोन्ही पारड्यांत आकडे असले पाहिजेत.

उंचीच्या फरकाचा दुसरा परिणाम प्रवेशावर होतो. चाकाच्या खुर्चीसाठीच्या रॅम्पला सर्वसाधारणपणे १:१२ हा कमाल उतार मानला जातो. रस्त्यापासून जोते १.२ मीटर उंच असेल तर नुसता चढच १४.४ मीटर होतो. मध्ये एक आणि दोन्ही टोकांना एक-एक असे दीड मीटरचे सपाट टप्पे धरले की लांबी १९ मीटरजवळ जाते. ही जागा प्रोग्रॅमच्या कोणत्याही तक्त्यात नसते, म्हणून ती नंतर बागेतून किंवा पार्किंगमधून ओरबाडली जाते. पार्किंगचेही तसेच आहे. एका मोटारीचा चौकोन साडेबारा चौरस मीटरचा दिसतो, पण ये-जा करण्याच्या मार्गासह तिला २५ ते ३५ चौरस मीटर लागतात. चाळीस मोटारींना प्रत्येकी ३० धरले तर १२०० चौरस मीटर झाले, म्हणजे ग्रंथालयाच्या ठशापेक्षाही अधिक. या फरसबंदीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ६० घनमीटर पाणी येते. डांबरावरून त्यातले सुमारे ९० टक्के, म्हणजे ५४ घनमीटर वाहून जाते, आणि तेवढीच जागा हिरवळीची असती तर साधारण १२ घनमीटर गेले असते. ते पाणी सामावून घेण्यासाठी गटार, टाकी किंवा खोलगट बाग यांचा खर्च करावाच लागतो.

मातीच्या तपासणीबद्दल थोडेच सांगतो, कारण मुद्दा एकच आहे: ती स्केचच्या आधी करून घ्या. जुना भराव, उथळ भूजल किंवा फुगणारी चिकणमाती सापडली तर पायाचा प्रकार बदलतो. ग्रंथालयाच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे, कारण पुस्तकांच्या कपाटांच्या भागाला वाचनकक्षाच्या सुमारे अडीचपट चल भार (माणसे, सामान यांचे वजन) धरावा लागतो. ती कपाटे वरच्या मजल्यावर ठेवायची की खाली, हा निर्णय वाटतो प्रोग्रॅमचा, पण त्याची किंमत पायात आणि खांबांत मोजली जाते.

आता पैसा. क्लायंट जेव्हा 'माझे बजेट इतके आहे' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात प्रकल्पाचा संपूर्ण खर्च असतो, आणि तरुण आर्किटेक्ट तो आकडा इमारतीचा समजून प्रति चौरस मीटर दराने भागून मोकळा होतो. ही दुसरी धोक्याची जागा. इमारतीचा खर्च १०० भाग मानू. अंगभूत उपकरणांना ८ आणि साइटच्या कामांना १५ भाग धरले तर बांधकामाचा खर्च १२३ होतो. त्याच्या १० टक्के मानधन, १० टक्के आकस्मिक निधी, २ टक्के मोजणी, चाचण्या व परवानग्या, आणि फर्निचरसाठी आणखी १० भाग. बेरीज सुमारे १६०. हे प्रमाण प्रत्येक प्रकल्पात वेगळे असते आणि जमीन विकत घ्यायची असेल तर ती यात नाही. पण या उदाहरणात एकूण रकमेपैकी इमारतीच्या वाट्याला फक्त ६२.५ टक्के येतात, हे लक्षात ठेवा.

त्यावर काळाचा परिणाम येतो. दरवाढ मोजायची ती आजपासून काम सुरू होण्यापर्यंत नव्हे, तर बांधकामाच्या मध्यापर्यंत, कारण पैसा संपूर्ण कालावधीत पसरून खर्च होतो. काम दीड वर्षाने सुरू होऊन दोन वर्षे चालणार असेल, तर मध्य अडीच वर्षांनी येतो. वार्षिक ५ टक्के वाढीने खर्च सुमारे १.१३ पट होतो.

सर्व आकडे आता एका ओळीत मांडू. इमारतीचा आजचा दर प्रति चौरस मीटर १ एकक आणि क्लायंटचे एकूण बजेट ३००० एकक आहे असे समजा. क्लायंटला वाटते की ३००० चौरस मीटर परवडतील आणि आपली गरज तर २००० चीच आहे. प्रत्यक्षात ३००० ला १.६ ने भागले की १८७५ उरतात, दरवाढीच्या १.१३ ने भागले की १६५९, आणि ६५ टक्के कार्यक्षमतेने निव्वळ क्षेत्र १०७८ चौरस मीटर. गरज १३०० ची होती. भरपूर वाटणाऱ्या बजेटमध्ये १७ टक्के क्षेत्र कमी पडले, आणि अजून एकही रेघ काढलेली नाही.

ही तूट याच टप्प्यावर दिसणे ही मला अत्यंत चांगली गोष्ट वाटते, कारण आता ती भरून काढण्याचे मार्ग खुले आहेत. क्षेत्र, दर्जा आणि रक्कम यांपैकी दोन गोष्टी क्लायंट पक्क्या करू शकतो. तिसरी आर्किटेक्टच्या हाती मोकळी असली पाहिजे, आणि हे क्लायंटला पहिल्याच बैठकीत स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. मार्गिका आवळून कार्यक्षमता ७० टक्क्यांवर नेता आली तर त्याच १६५९ मधून ११६१ निव्वळ मिळतात. मात्र हे आश्वासन आकृतीत तपासल्याशिवाय देऊ नका. उरलेल्या १३९ चौरस मीटरसाठी वापराच्या वेळा पाहून कक्ष एकत्र करता येतात किंवा एखादा भाग दुसऱ्या टप्प्यात ढकलता येतो. आकारानेही पैसा वाचतो: २० गुणिले २० मीटरच्या चौरसाचा परिघ ८० मीटर, तर तेवढ्याच क्षेत्राच्या १० गुणिले ४० च्या आयताचा १०० मीटर, म्हणजे बाहेरची भिंत २५ टक्के जास्त. लांबट आकाराला प्रकाश आणि वायुवीजन अधिक मिळते, म्हणून चौरस नेहमीच बरोबर असे मी म्हणत नाही. ती २५ टक्के भिंत आपण कशासाठी विकत घेत आहोत, हे क्लायंटला सांगता आले पाहिजे. दर्जा कमी करण्याचा मार्ग मी शेवटी ठेवतो, विशेषतः छप्पर, जलरोधन आणि खिडक्यांच्या बाबतीत, कारण तिथे वाचवलेला पैसा पुढे देखभालीत दामदुपटीने जातो.

आकस्मिक निधीला मात्र हात लावू नका. तूट दिसली की क्लायंट सर्वप्रथम त्याच रकमेकडे बोट दाखवतो. त्या वेळी समजावून सांगा की आज मातीचा पूर्ण अहवाल नाही, तपशील नाहीत, निविदा नाहीत. जसजशी ही माहिती पक्की होईल तसतसा रचनेसाठी राखलेला निधी कमी करत नेता येईल, परंतु बांधकाम चालू असताना लागणारा भाग काम संपेपर्यंत वेगळाच राहील.

स्केच केव्हा सुरू करावे, याचे माझे उत्तर त्यामुळे तारखेत नाही. एका कागदावर निव्वळ क्षेत्र, एकूण क्षेत्र, साइटवर मावणारा ठसा आणि परवडणारे क्षेत्र हे चार आकडे एकमेकांशी जुळले, प्रत्येकापुढे तो कुठून आला आणि कोणत्या दिवशी धरला हे लिहिले, आणि क्लायंटने त्या कागदावर सही केली, की त्याच दिवशी पेन्सिल हातात घ्या. त्याआधी हात शिवशिवत असतील तर उतारावर इमारत फिरवून पाहण्यासारखी तपासणीची चित्रे जरूर काढा, पण ती क्लायंटला दाखवू नका. एकदा चित्र आवडले की त्यातले क्षेत्र कमी करणे फार कठीण होऊन बसते.