लिहायला बसलं की काहीच सुचत नाही

प्रश्न: पीएचडीचं दुसरं वर्ष आहे, डेटा भरपूर जमलाय पण लिखाण पुढे सरकत नाही, आणि ट्रेनिंगच्या वर्कशॉपना जावं तर काम मागे पडतं. काय करू?

उत्तर: सगळ्या वर्कशॉपना जाऊच नका हो, जे अडलंय तेवढंच निवडा, म्हणजे तुमच्या बाबतीत लिखाणाचं. इंट्रोडक्शन शेवटी ठेवा, आधी एक ग्राफ समोर घ्या आणि तो काय सांगतो ते चार वाक्यांत लिहून काढा, मोडकंतोडकं चालेल. संदर्भ नीट ठेवायला झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आणि थ्री मिनिट थीसिसची तयारी कराच, 2008 मध्ये क्वीन्सलंड विद्यापीठाने सुरू केलेली स्पर्धा, 3 मिनिटांत आणि एकाच स्लाइडवर आपलं संशोधन मांडायचं, त्यात आपला मुद्दा नेमका काय ते आपल्यालाच कळतं. झोप उडाली असेल तर मात्र आधी समुपदेशकाला भेटा, थीसिस थोडा थांबला तरी चालेल.