बालदमा : झटका पुन्हा पुन्हा का येतो?

पावसाळा सरता सरता आणि शाळा रंगात आल्या की मुलांच्या धापेबद्दलचे प्रश्न वाढतात. इंदूरच्या वाचकांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं या अंकात देत आहोत. औषधांची मात्रा मुलाच्या वयावर आणि दम्याच्या तीव्रतेवर ठरते, म्हणून ती तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलीच धरावी.

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. वर्षभरात पाच वेळा सर्दी छातीत उतरली, श्वासात शिट्टीसारखा आवाज आला, दोनदा नेब्युलायझर लावावं लागलं. एक डॉक्टर म्हणतात वयाबरोबर जाईल, दुसरे म्हणतात रोज पंप द्या. हा दमा आहे का?
— एक आई, राजेंद्रनगर

उत्तर : दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं. लहान मुलांच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असतात. सर्दीच्या विषाणूने आतलं अस्तर थोडं सुजलं तरी हवा शिट्टी वाजवत बाहेर पडते. अमेरिकेतल्या टक्सन शहरात 1980 पासून हजाराहून जास्त मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला. त्यांतल्या सुमारे एकतृतीयांश मुलांना तीन वर्षांची होईपर्यंत कधी ना कधी अशी घरघर झाली होती, आणि त्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांची ती सहाव्या वर्षापर्यंत थांबली. भारतात सहा-सात वर्षांच्या मुलांच्या मोठ्या पाहण्यांमध्ये दम्याची चालू लक्षणं शंभरात साधारण तीन ते सात जणांत दिसली. म्हणजे घरघर होणारी मुलं पुष्कळ, त्यांतली दम्याकडे जाणारी कमी.

मग तुमचा मुलगा कुठल्या गटात? वर्षात चार किंवा जास्त वेळा घरघर झाली असेल, तर पुढच्या गोष्टी बघतात : आई किंवा वडिलांना दमा आहे का, मुलाला कोपराच्या-गुडघ्याच्या खोबणीत खाजरा इसब आहे का, धूळ-परागांची अ‍ॅलर्जी तपासणीत दिसते का. यांतलं एक जरी असलं तरी दम्याची शक्यता बरीच वाढते. सर्दी नसतानाही, म्हणजे हसल्यावर, पळल्यावर किंवा पहाटे, शिट्टी वाजते का, हेही महत्त्वाचं. यांतलं काहीच नसेल तर पुढे दमा राहण्याची शक्यता बरीच कमी.

पण 'वयाबरोबर जाईल' याचा अर्थ तोवर काही करायचं नाही असा होत नाही. वर्षात पाच झटके आणि दोनदा नेब्युलायझर हे उपचार सुरू करायला पुरेसं कारण आहे. अशा मुलांना दोन-तीन महिने कमी मात्रेत प्रतिबंधक पंप, म्हणजे श्वासनलिकांची सूज कमी करणारं, रोज ओढायचं स्टेरॉइड, देऊन बघतात. त्या काळात झटके थांबले आणि बंद केल्यावर परत आले, तर दम्याचं निदान पक्कं होत जातं. फुंकर मारायची स्पायरोमेट्री तपासणी साधारण पाच-सहा वर्षांच्या पुढे नीट जमते, त्यामुळे आत्ता तिचा आग्रह धरू नका.

एक वही ठेवा. प्रत्येक झटक्याची तारीख, आधी सर्दी होती की नाही, रात्री किती वेळा उठला, पंपाचे किती पफ (फवारे) लागले, तोंडाने स्टेरॉइड द्यावं लागलं का, एवढं लिहा. धाप लागलेली असताना सदरा काढून छाती आणि पोट दिसेल असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या, आवाजासकट. दवाखान्यात पोचेपर्यंत धाप बऱ्याचदा ओसरलेली असते. मग 'घरघर' या शब्दावरून डॉक्टरांना नाक चोंदलेलं आणि छाती बंद झालेली यांतला फरक कळत नाही, तो व्हिडिओत लगेच कळतो.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची, चार महिने रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफ प्रतिबंधक पंप चालू आहे. तरी या काळात दोन मोठे झटके आले. औषध लागू पडत नाही का?
— वडील, लोकमान्य नगर

उत्तर : औषध बदलण्याआधी ते छातीत पोचतंय का ते बघा. झटके थांबत नसलेल्या मुलांमध्ये सगळ्यांत जास्त वेळा सापडणारी चूक हीच आहे, आणि ती दुरुस्त झाली की बऱ्याचदा मात्रा वाढवावीच लागत नाही.

आधी हिशोब करा. पंपाच्या डबीवर 120 मात्रा लिहिलेल्या असतील तर दिवसाला चार पफप्रमाणे डबी तीस दिवसांत संपायला हवी. ती दोन महिने पुरली असेल तर एक तर मात्रा चुकताहेत, नाहीतर मुलगी रिकाम्या पंपातला वायू ओढते आहे. डबी हलवून किंवा पाण्यात तरंगवून औषध शिल्लक आहे का ते बघायची पद्धत सोडून द्या, औषध संपल्यावरही फवारा मारणारा वायू उरतोच. मात्रा मोजणारा आकडा नसेल तर डबी सुरू केल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहा.

मग स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लॅस्टिकची पोकळ नळी. पंप थेट तोंडात मारला की बरंचसं औषध जिभेवर आणि घशात आदळतं, मोठ्या मुलांनीही स्पेसर वापरावा. मुलीला ताठ बसवा किंवा उभं करा. पंप चार-पाच वेळा जोरात हलवा, स्पेसरला लावा. स्पेसरची तोंडाकडची बाजू दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायला सांगा. एक पफ मारा, आणि तिने त्यातून पाच-सहा सावकाश श्वास घ्यावेत. दर श्वासाला झडपेचा टक्-टक् आवाज येतो का ऐका, येत नसेल तर तोंडाच्या कडेने हवा जाते आहे. अर्धा-एक मिनिट थांबून पंप परत हलवून दुसरा पफ. दोन पफ एकदम मारले की थेंब एकमेकांना चिकटून जड होतात आणि स्पेसरमध्येच बसतात. शेवटी चूळ भरून पाणी थुंकायचं, म्हणजे घशात पांढरी बुरशी धरत नाही. साधारण चार वर्षांखालच्या मुलाला मास्क लागतो, तो नाक-तोंडावर फट न राहता बसवायचा. रडताना खोल श्वास जातो म्हणून औषध जास्त पोचतं, ही समजूत चुकीची आहे. रडताना फारच थोडं औषध फुफ्फुसात जातं.

स्पेसर धुतानाही चूक होते. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून बुडवा, बाहेर काढा, उभा ठेवून हवेवर वाळू द्या. फडक्याने आतून पुसला की प्लॅस्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं. नवा स्पेसरही पहिल्या वापराआधी असाच धुवावा.

हे सगळं ठीक असूनही तोंडाने स्टेरॉइडचा कोर्स वर्षात दोनदा लागला, किंवा झटपट आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप आठवड्यात दोनहून जास्त दिवस लागतो, किंवा मुलगी रात्री खोकल्याने उठते, तर दमा आटोक्यात नाही. वर्षात साल्ब्युटामॉलच्या तीन डब्या संपणं हीदेखील धोक्याची खूण. वर्षभरात एक मोठा झटका येऊन गेलेल्या मुलाला पुढच्या वर्षात दुसरा येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून झटक्यानंतर एक-दोन दिवसांत परत दाखवणं टाळू नका. नाक सतत चोंदलेलं असेल, घोरत असेल, तर त्यावरही उपचार हवेत.

प्रश्न : दरवर्षी भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत आणि नंतर रंगपंचमीच्या सुमाराला नातू आजारी पडतो. असं का?
— आजोबा, टिळक नगर

उत्तर : मुलांच्या दहातल्या सुमारे आठ झटक्यांमागे सर्दीचे विषाणू असतात, आणि ते शाळेच्या वर्गात झपाट्याने पसरतात. त्यावर पावसाळ्यानंतरच्या ओलीची भर पडते : पोपडे आलेल्या भिंतींवर बुरशी, गाद्यांमध्ये धुळीचे सूक्ष्म किडे. थंडीच्या सुरुवातीला दिवाणातून काढलेली रजई तशीच मुलाच्या अंगावर टाकू नका. तिची खोळ कडकडीत गरम पाण्यात धुवा, रजई दोन-तीन दिवस उन्हात घाला, आणि ती झटकताना मुलगा घरात नको. दिवाळीत बॉम्बपेक्षा सापाच्या गोळीचा, फुलबाज्यांचा धूर त्याच्या नाकाजवळ असतो. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेले खुंट) जळते, त्याचा धूर शहराच्या कडेच्या वस्त्यांत येतो. राजवाड्याच्या गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, गुलालाचे लोट उडतात, दम्याच्या मुलाला ती घरी टीव्हीवर दाखवा.

बाराही महिने त्रास देणारी गोष्ट मात्र घरातच असते. डासांची एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण पाऊणशेहून जास्त सिगारेटींइतके मोजले गेले आहेत. मच्छरदाणी लावा. धूप-लोभान मुलाच्या खोलीत नको, आणि गॅलरीत जाऊन ओढलेली सिगारेटही कपड्यांबरोबर आत येते. प्रतिबंधक पंप कमी करायचा असेल तर निदान तीन महिने पूर्ण बरे गेल्यावर, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि भाद्रपदाच्या तोंडावर कधीच नाही.

प्रश्न : मध्यरात्री झटका आला तर घरी काय करायचं, कधी पळायचं?
— एक वाचक, सुदामा नगर

उत्तर : मुलाला बसतं करा, आडवं झोपवू नका. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला साल्ब्युटामॉलचे दोन पफ, एकेक करून, स्पेसरमधून. आराम नसेल तर वीस मिनिटांनी पुन्हा दोन, आणि गरज पडली तर आणखी वीस मिनिटांनी पुन्हा दोन. दोन तासांत सहाहून जास्त पफ लागत असतील तर दवाखाना गाठा. मोठ्या मुलांना दर वेळी जास्त पफ लागतात, तो आकडा डॉक्टरांकडून आजच कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. घरी नेब्युलायझर नाही म्हणून घाबरू नका, साध्या आणि मध्यम झटक्यात स्पेसरचा परिणाम त्याच्या बरोबरीचा असतो.

एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, बरगड्यांमध्ये आणि गळ्याखाली खड्डे पडतात, ओठ निळसर होतात, मूल सुस्त पडतं किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 92 टक्क्यांच्या खाली जातो, यांतलं एकही दिसलं तर वीस मिनिटं मोजत बसू नका. लगेच निघा आणि वाटेत पफ देत राहा. शिट्टी अचानक थांबली पण धाप तशीच आहे, तर हवा जाणंच कमी झालं आहे, ती बरं वाटल्याची खूण नाही.

प्रश्न : पंपाची सवय लागते आणि स्टेरॉइडने उंची खुंटते असं ऐकलं. सून ऐकत नाही.
— आजी, नारायण बाग

उत्तर : आजी, तुमची काळजी रास्त आहे, पण सून बरोबर करते आहे. पंपाची सवय लागत नाही. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, झटक्यात गोळीने किंवा सिरपने द्यावं लागणारं मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या मापात. उंचीवर परिणाम होतो, तो नाकारायचा नाही. वर्षानुवर्षं पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी एक सेंटिमीटरच्या आसपास कमी भरली. पण दमा आटोक्यात नसलेल्या मुलाची झोप, भूक आणि खेळ सगळंच बिघडतं, त्यानेही वाढ मागे पडते. दर सहा महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहा, आणि दमा आटोक्यात राहील एवढीच कमीत कमी मात्रा ठेवायला डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : दही, केळी, पेरू बंद करायचे का?
— एक आई, वैशाली नगर

उत्तर : सरसकट नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तास-दोन तासांत दर वेळी पित्त उठतं, ओठ सुजतात किंवा खोकला येतो, तर तेवढाच बंद करून डॉक्टरांना दाखवा. बाकी सगळं खाऊ द्या.