दीवला एकच रात्र पुरते का? सोमनाथ-गीर-द्वारका जोडून केलं तर पैसे वाचतात का?

नाही, वाचत नाहीत. उलट जास्त जातात, आणि दीव बघायचं राहून जातं.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई असे दिवाळीनंतर निघताय. टूरवाल्याने सोमनाथ-दीव-गीर-द्वारका असं एकत्र पॅकेज दिलंय, त्यात दीवला एक रात्र आहे. आणि घरातल्या सगळ्यांचं म्हणणं, 'दीवला एक रात्र पुष्कळ झाली.' हे वाक्य वाचलं आणि राहवेना, म्हणून लिहितेय. आमच्या घरात हेच वाक्य मी कितीतरी वर्षं ऐकतेय.

आधी पैशाचं. सहलीत पैसा राहण्यावर जातो असं सगळ्यांना वाटतं. तो जातो हलण्यावर. दीवहून द्वारका तीनशे किलोमीटरहून लांब आहे. तेवढ्या दिवसात गाडीभाडं, वाटेतलं हॉटेलचं जेवण, कंटाळलेल्या पोरांसाठी प्रत्येक थांब्यावर वेफर्स आणि थंड पेय, सकाळी दहाला सोडलेली खोली आणि दुसरीकडे दुपारी मिळणारी खोली, मधल्या वेळेत सामान घेऊन कुठेतरी बसणं, हे सगळं तुमच्याच खिशातून जातं. खोलीचे पूर्ण पैसे मोजून तुम्ही तिथे फक्त झोपता. याउलट एका गावात तीन-चार रात्री राहिलं की खोलीवाला स्वतःहून भाव कमी करतो. दुसऱ्या दिवसापासून कुठे स्वस्त आणि चांगलं मिळतं ते कळतं. गाडी लागतच नाही. दीव बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. लोकल बस आहे, रिक्षा आहेत, सायकल आणि स्कूटर भाड्याने मिळते.

आता आमच्या घरचं सांगते, म्हणजे मी एवढं ठामपणे का बोलतेय ते कळेल.

आमचे थोरले दीर सगळ्या सहली ठरवतात. माणूस फार व्यवस्थित, तिकिटापासून औषधांपर्यंत सगळं वेळेवर. पण त्यांचा हिशेब असा, की जितकी ठिकाणं जास्त तितकी सहल स्वस्त पडली. त्यांच्या पुढाकाराने आम्ही सगळे अशाच एका पॅकेजने गेलो होतो. दीवला पोचलो तोवर ऊन कलायला लागलं होतं. किल्ल्यात घाईघाईने एक फेरी, नागोआच्या किनाऱ्यावर सूर्यास्त, रस्त्याकडेच्या हॉटेलात जेवण, आणि सकाळी सहाला बॅगा बसमध्ये. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या बसची पहिली पायरी इतकी उंच होती की दर वेळी दोघांनी धरून चढवायला लागायचं. सहलभर त्या चढ-उतारच करत होत्या. गंगेश्वरला, म्हणजे समुद्रकाठच्या खडकातल्या महादेवाला, आम्ही भर ओहोटीला पोचलो. खडकात पाच पिंड्या कोरड्या बसलेल्या, वर आदल्या दिवशीची सुकलेली फुलं. गाईडने दोन वाक्यं सांगितली आणि शिट्टी वाजवली. घरी आल्यावर आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कुरकुर केली नाही, एवढंच म्हणाल्या, "तिथे समुद्र येतो म्हणतात ना गं पिंडीवर, ते काही दिसलं नाही."

समुद्र बसच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. एका रात्रीच्या मुक्कामात ती तुमच्या वाट्याला आली तर आली.

म्हणून पुढे एकदा संक्रांत उलटल्यावर आम्ही वेगळे गेलो. मी, नवरा, मुलगी आणि आई. भाऊजी म्हणाले, "एकाच गावात बसून करणार काय? तिथे पिणाऱ्यांशिवाय कोण राहतं?" हे मला लागलं, कारण दीवबद्दल आपल्याकडे खरंच एवढंच बोललं जातं. गुजरातमध्ये दारूबंदी आणि दीवमध्ये नाही, म्हणून शनिवार-रविवारी गाड्या भरभरून लोक येतात, हे खरं आहे. पण सोमवारी सकाळी तेच दीव बघा. रस्ते रिकामे, खोल्यांचे भाव उतरलेले.

वांद्र्याहून वेरावळला थेट गाडी आहे. ती रात्रभर झोपून काढली, तिथून एसटीने ऊना आणि ऊन्याहून दीव. रविवारी मुद्दाम उशिरा पोचलो, गर्दी परतीच्या वाटेवर असताना. किनाऱ्यावर न राहता जुन्या गावात राहिलो. एका जुन्या घराच्या तळमजल्यावरची खोली, पुढे ओटा, मागे गॅसची एक शेगडी. त्या गल्लीत कितीतरी घरांना कुलपं. १९६१च्या आधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, त्यामुळे निम्मं गाव पोर्तुगाल नाहीतर इंग्लंडमध्ये आहे. आमच्या घरमालकीणबाईंचा मुलगाही तिकडेच. बाई एकट्या. सकाळचा चहा आमच्या ओट्यावर, संध्याकाळचा त्यांच्या. त्या गुजरातीत बोलायच्या, आई मराठीत, आणि दोघींचं कुठेच अडत नव्हतं.

आई अलिबागकडच्या. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब त्यांना लहानपणापासून पाठ. त्यांनी बोटांवर वेळ काढली, तर बाई म्हणाल्या की आमच्याकडे पाणी त्या वेळेला भरत नाही, आणि खरी वेळ सांगितली. त्या वेळी रिक्षाने फुदमला गेलो, गंगेश्वर त्याच गावात आहे. पायऱ्या थोड्या आहेत, पण घाई कुणालाच नव्हती, म्हणून आई कठड्याला धरून एकेक पायरी स्वतः उतरल्या. खाली खडकाच्या खोबणीत लाट आत शिरते, पाचही पिंड्या फेसाखाली जातात, क्षणभर काहीच दिसत नाही. मग पाणी मागे ओढलं जातं आणि काळे दगड चकचकीत होऊन वर येतात, कुणीतरी वाहिलेलं जास्वंद एका पिंडीवरून दुसरीवर गेलेलं असतं. आई तिथे बसूनच राहिल्या. मुलगी लाटा मोजत होती. आम्हाला कुणी शिट्टी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने वणाकबाऱ्याला, बेटाच्या पश्चिम टोकाला. ते मच्छीमारांचं गाव आहे, तिथे लाकडी होड्या अजून बांधतात. होडीच्या उभ्या सापळ्याखाली उभं राहिलं की माणूस किती लहान ते कळतं. किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या काठ्यांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत घातलेले, ओळीच्या ओळी. आईंनी तिथल्या बायकांशी वाळण कसं घालता यावरून गप्पा सुरू केल्या आणि शेवटी एक मोठी पिशवी भरून घेतली, भावही त्यांनीच केला. पॅकेजवाले वणाकबाऱ्याला सहसा थांबत नाहीत. वास येतो म्हणून टाळतात. माझ्या मते अख्ख्या बेटावरची सगळ्यात जिवंत जागा तीच.

परत आल्यावर भाऊजींनी हिशेब मागितला आणि मी कागदावर लिहून दिला. पॅकेजला माणशी जेवढे भरले होते, त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त लागले होते, आणि मुक्काम दुप्पट. त्यावर ते म्हणाले, "पण ठिकाणं किती झाली?" तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला हा वाद निघतो. माझं उत्तर तेच आहे. बसच्या काचेतून दिसलेलं ठिकाण मी मोजत नाही. आईंना आज विचारा, त्या पॅकेजमधलं त्यांना एकच आठवतं, ती पायरी. आणि दीवचं विचारलंत तर संध्याकाळ पुरत नाही.

तर तुमच्यासाठी. निदान तीन रात्री दीवला ठेवा. मुलं आहेत म्हणजे एक सकाळ किल्ल्याला द्या. १५३५ मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, तीन बाजूंनी समुद्र, तटावर तोफा अजून आहेत, आणि समोर पाण्यात पाणीकोठा, म्हणजे छोटा जलदुर्ग. उन्हाच्या आधी जा, आत सावली कमी. नायडा गुंफांमध्ये छताच्या भोकांतून उजेड खाली उतरतो, मुलांना तिथून बाहेर काढणं कठीण जाईल. सेंट पॉल चर्चमधलं लाकडी कोरीवकाम बघायला सासूबाईंना जरूर न्या. आमच्या आई देवळात बसाव्या तशा शांत बसल्या होत्या. पोहायला नागोआपेक्षा घोघल्याचा किनारा बरा. पूल ओलांडून पलीकडे आहे, लांब आणि स्वच्छ, २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला.

चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकाडावर खुकरी स्मारक आहे, तिथे मुलांना नुसता फोटो काढून परत आणू नका. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. काचेत त्या जहाजाची प्रतिकृती ठेवलीय आणि समोर तोच समुद्र. आमची मुलगी तिथे बराच वेळ प्रश्न विचारत होती, आणि तिला उत्तरं द्यायला आमच्याकडे वेळ होता.

आणि होका बघा. फांद्या फुटलेलं ताडाचं झाड तुम्ही बहुधा पाहिलं नसेल, दीवमध्ये जागोजागी आहे. तपकिरी फळ मिळतं, धागेदार, चावत बसायचं.

खाण्यात बचत करायची तर नाश्ता खोलीवर, दुपारी गावातली गुजराती थाळी आणि संध्याकाळी बाजारातून घेतलेलं काहीतरी. किनाऱ्यासमोरच्या हॉटेलांत तोच पदार्थ महाग पडतो, चवही खास नाही.

आता एक सांगायचं राहिलं. तुमची तारीख मला आवडली नाही. दिवाळी ते लाभपंचमी आणि पुढचे काही दिवस अख्खा गुजरात फिरायला निघतो, तेव्हा वरचं भावाबिवाचं काही लागू पडणार नाही. मुलांची शाळा आडवी येत असेल तर जानेवारीअखेर एखादी जोडून सुटी बघा, पण ऐन २६ जानेवारी नको. पावसाळ्यात समुद्रात उतरायला बंदी असते. शनिवारी रात्री नागोआवर मुलांना घेऊन थांबू नका. दीवमधून दारूची बाटली गुजरातमध्ये नेणं गुन्हा आहे, हे बरोबरच्या पुरुषमंडळींना आधीच सांगून ठेवा, नाक्यावर गाड्या तपासतात. आणि सासूबाईंना द्वारकेचं दर्शन मनापासून हवं असेल तर माझं सगळं बाजूला ठेवा आणि द्वारका करा, पण मग तीही स्वतंत्र, दोन रात्री राहून. हे त्यांना सगळ्यांसमोर विचारू नका. एकट्या असताना विचारा, कारण चारचौघांत त्या 'तुम्ही न्याल तिकडे' असंच म्हणतील.

टूरवाल्याला पैसे भरायच्या आधी दोनच गोष्टी विचारा, दीवला गाडी किती वाजता पोचते आणि दुसऱ्या दिवशी किती वाजता सुटते. ते दोन आकडे घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मग तारीख ठरली की इथेच कळवा, गंगेश्वरला त्या दिवशी पाणी किती वाजता भरतं ते घरमालकीणबाईंना फोन करून सांगते.